वेशीच्या आतली चाल

अंबूबाईला जाऊन वर्ष होत आलं, आणि खंडेरावांच्या लक्षात आलं की आपण तिचं गाणं विसरायला लागलोय.

गाणं म्हणजे तरी काय? शब्द नव्हतेच त्याला. हार ओवताना, भांडी विसळताना ती नुसतं गुणगुणायची. इतकी वर्षं ते कानावरून गेलं, पण या गृहस्थाने एकदा विचारलं नाही की बाई, हे कसलं गाणं? विचारणार कधी? पहाटे गुलाबाच्या जुड्या घेऊन फुलबाजार, तिथून मळा, मळ्यातून कुणाच्या तरी भांडणात मध्यस्थी. गावभर हिंडून दुपार कलली की घरी. गेट वाजलं की अंबूबाई उठायची, पाणी द्यायची, चहा टाकायची आणि गाणं जिथल्या तिथे तुटायचं. स्कूटर लावून गेटपर्यंत येताना जेवढा तुकडा कानावर पडेल, तेवढाच यांच्या पदरात.

आता मळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात, बाजार सुटलाय, घरात खंडेराव आणि चार भिंती. दुपार तर नुसती खायला उठते. अशा वेळी ते तो तुकडा मनात घोळवत बसायचे. पण परवा धरायला गेले तर अर्ध्यातच निसटला आणि भलत्याच गाण्यात जाऊन शिरला. खंडेराव घाबरलेच. अहो, फोटो आहेत, पातळं आहेत, पण आवाज कुठाय? पोराच्या लग्नाच्या सीडीत अंबू बोलताना दिसते, पण वर बँड बडवतोय. हा तुकडा गेला म्हणजे बायको दुसऱ्यांदा गेली, असं त्यांना वाटलं.

मग सुरू झाली शोधाशोध. आधी वणीला गेले, मेहुणीकडे. चतुराबाईने ऐकलं आणि मान हलवली. "आमच्या माहेरचं नाय हे, दाजी. अंबी लहानपणी गायचीच नाय." मग भजनी मंडळाचे चिमाजीबुवा. बुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि ठोकून दिलं, "गवळण आहे. शंभर टक्के गवळण." आणि पेटी ओढून त्या तुकड्याला शेपूट लावून अख्खी गवळण म्हटली की! छान म्हटली. पण ती बुवांची होती, अंबूची नव्हती.

शेजारची सखुबाई रोज अंबूबरोबर हार ओवायला बसायची. तिला विचारलं तर ती उलट यांच्याकडेच बघत राहिली.

"मला वाटलं, तुम्हालाच ठाव असंल. नवरा ना तुम्ही?"

कप्पाळ! खंडेराव घरी आले आणि दार लावून बसले.

रविवारी बंगळुरूहून महेशचा फोन आला. पोरगा गुणी, दर रविवारी न चुकता फोन करतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हवा कशी आहे, एवढं झालं की बापलेकांचं बोलणं आटतं. त्या दिवशी खंडेरावांनी लाज गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "महेश, तुझी आई हे काय गुणगुणायची रे?" आणि बेसूर का होईना, उरलेला तुकडा म्हणून दाखवला.



"नाना, परत म्हणा."

"पुरे रे."

"म्हणा ना!"

म्हटलं. महेश हसायला लागला. "अहो नाना, हे माझ्या टीव्ही गेममधलं आहे!"

आता बोला! वणी झाली, बुवा झाले, गवळण झाली, आणि निघालं काय तर पोराचं खेळणं.

"मनमाडच्या मामांनी आणलेला बघा. त्यात एक कॅसेट होती, तलवारवाला बुटका माणूस. गावात हिंडायचा, विहिरीवरच्या बाईशी बोलायचा, मग वेशीबाहेर जाऊन राक्षस मारायचा. सगळं जपानीत लिहिलेलं, आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. आणि खेळ राखून ठेवायची सोयच नव्हती. मशीन बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून मी त्याला गावात उभा करून तसाच शाळेत जायचो आणि आईला राखण करायला सांगायचो."

खंडेरावांना आठवलं. मशीन तापू नये म्हणून अंबू त्याच्यावर टेबलफॅन सोडायची, आणि आपण ओरडायचो, लाइटबिल काय तुझा भाऊ भरणार?

"दिवसभर त्या गावाचंच गाणं चालायचं, नाना. ते संपतच नाही, गोल फिरून पुन्हा सुरू होतं. त्या मशीनला एका वेळी जेमतेम तीन सूर काढता यायचे. तेवढ्यातच बसवलेलं."

"पण तू तर हॉस्टेलला गेलास. त्यानंतरही ती गुणगुणायची."

"एकदा मी न कळवता दुपारी आलो होतो. आई टीव्हीसमोर बसलेली, पुढ्यात झेंडूची पाटी आणि गेम चालू. खेळत नव्हती. माणूस विहिरीपाशी उभा, आणि त्या बाईला आई सांगत होती, आज गिलक्याची भाजी केली म्हणून. मी म्हटलं, ने की त्याला वेशीबाहेर. तर म्हणाली, नको रे, बाहेर गेलं की गाणं बदलतं आणि मारामारी लागते. इथंच बरंय."

"मला सांगायचं नाही का?"

"शपथ घातली होती तिने. नाना हसतील, म्हणाली."

हसलेच असते. गल्लीभर सांगून हसले असते. हे खंडेरावांना लख्ख ठाऊक होतं.

गेमचं नाव कुणालाच वाचता आलेलं नव्हतं, त्यामुळे मोबाइलवर शोधायची सोय नव्हती. पण आई ते मशीन टाकणार नाही, असं महेश म्हणाला. आणि खरंच, माळ्यावर दिवाळीच्या माळांमागे ते होतं, येवल्याच्या दुकानाच्या पिशवीत, तिच्या मऊ पातळात गुंडाळलेलं. महेशने व्हिडिओ कॉलवर वायरी जोडून घेतल्या. पडदा काळाच.

"कॅसेट काढा आणि फुंकर मारा, नाना. जोरात."

खंडेरावांनी फुंकर मारली. पुन्हा मारली. मग चित्र आलं, ठिपक्याठिपक्यांचं गाव आलं आणि गाणं सुरू झालं. त्यांचा तुकडा आला. तो सरला, तरी गाणं थांबलं नाही. खाली उतरलं, वळलं, हळूहळू वर चढलं. कधीही न ऐकलेलं, पण अंबूचंच. रोज दारापर्यंत येऊन आपण हे ऐकायचे राहिलो, या विचाराने त्यांना रडू फुटलं. फोनवर महेशही रडत होता.

आता रोज दुपारी खंडेराव मशीन लावतात. बुटक्याला विहिरीपाशी नेतात, बटण दाबतात, बाई तिची जपानी अक्षरं म्हणते. हे म्हणतात, "जेवण झालं का?" वेशीकडे फिरकत नाहीत.

परवा असेच बसले होते, गाणं ऐन वर चढत होतं, आणि गेट वाजलं. काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. हात मशीनच्या बटणावर गेला आणि टीव्ही काळा झाला. म्हातारपणी खेळणं घेऊन बसलाय, कुणी बघितलं तर काय म्हणेल? धोतर सावरत ते लगबगीने दाराशी गेले.

कुणी नव्हतं. कडी सैल होती, वाऱ्याने गेट हललं होतं.

खंडेराव उंबऱ्यात उभे राहिले. अंबूचाही हात असाच जात असणार. गेट वाजलं की बटणावर, मग पाण्याच्या तांब्यावर. फरक इतकाच, की तिच्या वेळी गेट वाजलं की कुणीतरी येत तरी होतं.

त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग गेटची कडी घट्ट बसवली आणि आत आले. बंद केल्यामुळे आता सगळं पहिल्यापासून लावायचं होतं. त्यांनी कॅसेट काढली आणि फुंकर मारली.