स्मरणिकेचं पान त्रेचाळीस

पार्सिपनीच्या त्र्यंबकरावांनी शहाण्णवच्या बर्फवादळातून नारळ कसा आणला, हे ज्याने ऐकलं नसेल, तो मराठी माणूस न्यू जर्सीत एकतर कालच विमानातून उतरलेला असणार, नाहीतर त्याला कुणी जेवायला बोलावत नसणार.

मूळ गोष्ट होती मूठभर. शेजारच्या पद्मिनीचं डोहाळजेवण होतं, ओटी भरायला घरात नारळ नव्हता, आणि एडिसनचा दुकानदार फोनवर म्हणाला होता, "आलात तर देतो, पण याल कसे?" पहिल्या वर्षी गोष्टीतला बर्फ घोट्यापर्यंत होता. मग दर गणपतीला तो चार बोटं चढत गेला आणि आता त्र्यंबकरावांच्या छातीला टेकला होता. आधी ते "आम्ही गेलो" म्हणायचे. कधीतरी "आम्ही"चा "मी" झाला. दहा-बारा वर्षांपूर्वी रस्त्यात एक हरीण येऊन उभं राहिलं. गेल्या वर्षीपासून ते हरीण पुढे चालून वाट दाखवू लागलं होतं. सुलभाकाकू, म्हणजे त्र्यंबकरावांच्या सौभाग्यवती, अशा वेळी शेजारी बसून शांतपणे म्हणायच्या, "अहो, भात गार होतोय."

पद्मिनीने पुढे त्या प्रसंगावर कथा लिहिली, 'ओटीचा नारळ'. तिच्यात बर्फातून गाडी हाकणारा एक नायक होता. त्याला नाव नव्हतं, नुसता 'तो'. हा 'तो' कोण, हे त्र्यंबकरावांना कुणाला विचारावं लागलं नाही. पद्मिनी तीन वर्षांपूर्वी गेली, आणि विचारायची सोयही उरली नाही.

त्या कथेवर इंटरनेटच्या ज्ञानकोशात एक छोटंसं पान होतं. ते लिहिलं होतं न्यू ब्रन्सविकला पीएचडी करणाऱ्या ज्ञानदाने. शनिवारी ती लॅपटॉप घेऊन त्र्यंबकरावांच्या घरी आली, ती चेहरा पाडूनच.

"काका, आपल्या आर्टिकलवर बॅनर लागलाय. सात दिवसांत छापील सोर्स नाही दिला, तर डिलीट."

"छापील कशाला? मी धडधाकट बसलोय की समोर!"

"तुम्ही सोर्स नाही होत, काका."

"ज्याच्यावर कथा लिहिली, तो सोर्स नाही? मग काय त्या नारळाला विचारणार?"

"तुम्ही सांगितलं ते सगळं टाकलं होतं मी. कुणीतरी चाळीस मिनिटांत उडवलं. शेरा काय मारलाय बघा. 'हरणाबद्दल गंभीर शंका.'"

स्वयंपाकघरात काहीतरी हसल्यासारखं वाजलं. कदाचित मिक्सर असेल.

त्र्यंबकरावांनी मांडीवर थाप मारली. "अगं, नव्व्याण्णव सालच्या मंडळाच्या स्मरणिकेत पद्मिनीची मुलाखत आहे! मीच संपादक होतो!"

"वॉव! काय म्हणाल्या होत्या त्या?"

त्र्यंबकराव थबकले. आता स्मरणिकेचं कसं असतं, हे ज्यांनी ती काढलीय त्यांनाच ठाऊक. ज्याचा लेख, तो आपल्या लेखाचं पान उघडतो, आपलं नाव नीट छापलंय ना बघतो, शेजारच्याला दाखवतो आणि अंक तळघरात जातो. संपादकही माणूसच. त्र्यंबकरावांनी संपादकीय सात वेळा वाचलं होतं. बाकीचा अंक त्यांनी काढला होता, वाचला नव्हता.

"माझ्याबद्दलच म्हणाली असणार," ते म्हणाले. "आणतो."

तळघरात ट्रेडमिलमागे, दिव्यांच्या माळांखाली स्मरणिकांचा गठ्ठा होता. नव्व्याण्णवची सापडली. आधी सवयीने संपादकीय वाचलं. छानच होतं. मग पान त्रेचाळीस.

'नायक मी सुलभावहिनींवरून घेतला,' पद्मिनी म्हणत होती. 'त्या वादळात गाडी त्यांनी चालवली. कथेत बाईचा पुरुष केला, म्हणजे मंडळात कुणी ओळखायला नको. त्र्यंबकभावजी शेजारच्या सीटवर होते. पहिल्या वळणाला त्यांना झोप लागली, ती नारळ मांडीवर पडल्यावर मोडली. ते पात्र मी गाळलं. वाचकांना अतिशयोक्ती वाटली असती.'

त्र्यंबकरावांनी तेवढ्या ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी हळूच पानाला हात लावला. पिना गंजलेल्या. जरासा झटका दिला की पान हातात येईल. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा अंक. एखादं पान नसायचंच.

पण पान नाही, तर सोर्स नाही. सोर्स नाही, तर पुढच्या शनिवारी आर्टिकल नाही. आपण नायक राहू, पण कशातले? पद्मिनीची तेवढी एकच कथा लोकांच्या लक्षात राहिली होती. डोहाळजेवणाला ओटीतला नारळ उचलून "अजून गार आहे हो!" म्हणून हसणारी पद्मिनी त्यांना दिसली. बोटं पानावरून सुटेनात, आणि ओढवेनाही.

"सापडलं का त्रेचाळीस?" जिन्यावरून सुलभाकाकूंचा आवाज आला.

त्र्यंबकरावांनी मान वर केली. "तुला पानसुद्धा माहीत आहे?"

"मुलाखत टाइप मी केली होती. तुम्ही संपादक होतात. संपादक कुठे टाइप करतात?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते हो. पण मग ते हरीण आलं. म्हटलं, बघू तरी पुढच्या वर्षी काय येतंय."

त्र्यंबकरावांनी अंक बंद केला, पानासकट, आणि वर जाऊन ज्ञानदाच्या हातात दिला. "वाच. मोठ्याने वाचायची गरज नाही."

ज्ञानदाने मोठ्यानेच वाचलं. 'अतिशयोक्ती'पाशी तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "काका, सगळं टाकू? झोपेसकट?"

त्र्यंबकरावांनी सुलभाकाकूंकडे पाहिलं. त्या पोळीला तूप लावत होत्या.

"टाक. पान नंबर नीट घाल. आणि संपादक कोण होतं, तेही घाल."

दोन दिवसांनी बॅनर गेला. ही बातमी मंडळात ज्ञानकोशापेक्षा वेगाने पसरली, आणि गणपतीच्या जेवणाला पंगत टपूनच बसली होती. पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून नवीनच बदलून आलेल्या संग्रामने सुरुवात केली, "काका, ऐकलं, तुम्ही झोपला होतात म्हणे?"

"झोपलो होतो!" त्र्यंबकराव ताठ बसले. "अरे, बाहेर छातीभर बर्फ, गाडी भोवऱ्यासारखी फिरतेय, आणि शेजारचा माणूस शांत घोरतोय. बायकोवर एवढा विश्वास टाकायला काळीज लागतं! तू झोपून दाखव!"

पंगत हसली. संग्राम मात्र चिवट निघाला. "मग ते हरीण? झोपेत दिसलं का?"

त्र्यंबकरावांनी पानातली कोशिंबीर उगाच डावीकडून उजवीकडे सरकवली. वाढता वाढता सुलभाकाकू थांबल्या. त्यांच्या पळीतून मसालेभातावर तूप पडत राहिलं.

"हरीण होतं," त्या म्हणाल्या. "चांगलं शिंगांचं. यांना कुठून दिसणार? हे झोपले होते."