बुटांच्या दुकानातली मंडळी

नव्या शहरात सामान उतरवून होतं न होतं तोच सासूबाईंनी लेकाला विचारलं, "चर्च कुठंय?"

"अजून नाही, आई," पाळक म्हणाला. "तेच तर सुरू करायला आलोय."

"म्हणजे भरलेलं चर्च सोडून नसलेल्या चर्चात आलो!" असं म्हणून त्या एका खोक्यावर बसल्या, त्या चहा हातात पडेपर्यंत उठल्या नाहीत.

आठवडाभर पाळक पोटापाण्यासाठी शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बायको चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. रविवारच्या उपासनेसाठी त्यांना बंद पडलेलं बुटांचं दुकान भाड्याने मिळालं. भिंतींवर रिकाम्या फळ्या होत्या आणि गिऱ्हाइकाला पायातले बूट दिसावेत म्हणून जमिनीलगत तिरके आरसे. प्रार्थनेला मान खाली घातली की स्वतःचीच पावलं दिसायची.

महिने गेले तरी चर्चची मंडळी म्हणून येणारे तेच. सासूबाई, बायको, आणि मैत्रिणी सोडाव्या लागल्या म्हणून फुरंगटून कीबोर्ड वाजवणारी मुलगी. पाळक सुरुवातीला हसण्यावारी न्यायचा. "सध्या माझी मंडळी म्हणजे माझी मंडळीच," असं बायकोकडे बघून म्हणायचा. पुढे तो विनोद त्याने सोडून दिला. खुर्च्याही दर खेपेला थोड्या कमीच मांडायला लागला. जेवायला हाक मारली की म्हणायचा, भूक नाही.

अशात निरोप आला. ज्यांनी त्यांना इकडे पाठवलं होतं ते थोरले पाळक येत्या रविवारी भेटायला येणार होते. नवऱ्याला मान खाली घालावी लागू नये, एवढंच बायकोच्या डोक्यात होतं. चष्म्याच्या दुकानातल्या सोबतिणी, राहत्या इमारतीचा रखवालदार, वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई आणि तिच्या बहिणी, सगळ्यांना तिने गाठलं.

"एकदाच या. नुसतं बसा. ह्यांना मात्र कळू देऊ नका."

"आणि उठायचं-बसायचं केव्हा?" शिवणकामवालीने विचारलं.

"माझ्याकडे लक्ष ठेवा. मी उठले की उठा."

रविवारी दुकान भरलं. खुर्च्या कमी पडल्या, मुलगी शेजारून मागून आणायला धावली. पाळक दारातच थबकला. त्याचे डोळे भरून आले. "ऐकलं बघ त्यानं," तो बायकोच्या कानाशी कुजबुजला, "शेवटी ऐकलं." आपण नवऱ्याची लाज राखतोय असं तिला वाटलं होतं, आणि तो तर प्रार्थना फळाला आली असं समजत होता.

परक्या जागी नवखं असणं म्हणजे काय, यावर तो त्या दिवशी बोलला. इतकं मोकळं तो कधी बोलला नव्हता. थोरले पाळक त्याची पाठ थोपटून गेले.

दुपारी खुर्च्या आवरताना तो गुणगुणत होता. तिला राहवेना.

"अहो, त्यांना मी बोलावलं होतं."

"बरंच केलंस की."

"तसं नाही. खोगीरभरती होती ती. आजच्यापुरती."

त्याने हातातली खुर्ची तिथंच ठेवली. मग म्हणाला, "माझी कीव आली तुला?"

"कीव नाही हो. तुमच्याकडे बघवत नव्हतं."

"पोरीसमोर मी देवाचे आभार मानले गं."

ती उरलेल्या खुर्च्या एकावर एक रचत राहिली.

त्याने तिथूनच थोरल्या पाळकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. "अरे, मला कळलं होतं. गाणं सुरू झालं की सगळे आधी सूनबाईकडे बघायचे." मग त्यांचा आवाज बदलला. "हे पुन्हा होता कामा नये. पण तिच्या शब्दाखातर इतक्या माणसांनी सुट्टी मोडली. तू यातल्या किती जणांना ओळखतोस?"

हे त्याला लागलं. शहरातल्या कितीतरी लिफ्ट त्याला तोंडपाठ होत्या, माणूस एकही नाही.

त्या आठवड्यात नवरा-बायको दारोदार जाऊन माफी मागून आले. "त्यात काय एवढं," म्हणून रखवालदाराने विषय उडवून लावला. शिवणकामवाली मात्र हसली नाही.

"मी खोटीच येऊन बसले होते. मग तुम्ही बोलत होतात ते ऐकायला लागले," ती म्हणाली. "मीही इथं आले तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पुन्हा येईन असं काही म्हणत नाही. पण चहा घेऊन जा."

दोघं आत गेले. ती सांगत राहिली, आणि पाळक पहिल्यांदाच नुसता ऐकत बसला.

पुढचे काही रविवार दुकान पुन्हा रिकामंच राहिलं. मग एकदा शिवणकामवाली आली, गाणं अर्धं झाल्यावर, आणि मागे बसली. वर्ष सरताना दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं झाली. वेळेवर कुणी येत नाही, अशी सासूबाईंची तक्रारही सुरू झाली.

नवा चेहरा दिसला की पाळक बायकोला हळूच विचारायचा, "हे तू आणलेले नाहीत ना?" कितीतरी दिवस त्या प्रश्नात बोच होती. ती बोच बायकोला जाणवायची, आणि दर वेळी ती खरं तेच सांगायची.