सुयांच्या डब्यातला प्रोसेसर

मित्रांनो, फुलं ओवायच्या सुयांच्या एका पत्र्याच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळाला टेकून मी पडून असतो. मी एक जुना प्रोसेसर आहे. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणतात, तो मी. मला स्वतःला हा शब्द जरा मोठाच वाटतो. सांगितलेलं काम मुकाट्यानं उपसणारा मी आपला एक गडी. आकार म्हणाल तर चहात बुडवायच्या बिस्किटाहूनही लहान. वर धातूचं झाकण, खाली केसासारख्या बारीक सोनेरी पिना, त्याही हजारावर.

तुमच्यापैकी कुणी भीमाकाठचे असाल तर वाळू काय असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझा जन्मही वाळूतलाच. ती वाळू शुद्ध करून, तिच्या आरशासारख्या चकत्या कापून परदेशातल्या एका कारखान्यात मला घडवलं. तिथे माणसं नखशिखांत पांढरे कपडे घालून वावरत आणि हवेत धुळीचा एक कणही खपत नसे. अशा सोवळ्यात जन्मलेल्या माझ्या नशिबी दौंड तालुक्यातल्या खुटबावची धूळ लिहिलेली होती. पण खरं सांगतो, त्या धुळीबद्दल माझी तक्रार नाही.

मला खुटबावला आणलं दत्ताभाऊंनी. ते झेंडू आणि शेवंती लावणारे शेतकरी. तरुणपणी पाबळच्या तांत्रिक शाळेत शिकलेले, त्यामुळे मोटार असो की स्टार्टर, उघडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. २०१७ साली पुण्याला फुलं घालून परत येताना रिकाम्या क्रेटमधून त्यांनी कॉम्प्युटरचे सगळे सुटे भाग आणले, त्यातच मी. ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि एकेक भाग जोडायला बसले. त्यांची बायको सारजाबाई शेजारी बसून हार ओवत होत्या. विक्रम आणि वैष्णवी ही दोन पोरं डोळे विस्फारून बघत होती.

प्रोसेसर कामाला लागला की तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा बसवतात आणि दोघांच्या मध्ये राखाडी रंगाची पेस्ट लावतात. दत्ताभाऊंनी ती बोटानंच पसरली. पंखा दाबला तशी जास्तीची पेस्ट माझ्या एका कडेनं बाहेर आली. ती त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवली. त्या अंगठ्यावर विळा लागल्याचा आडवा वण होता. पुढे पेस्ट वाळली आणि माझ्या कडेवर अंगठ्याच्या रेघा आणि मधोमध तो वण, जसाच्या तसा उमटून राहिला.

हे एवढं नीट ध्यानात ठेवा. कारण माझ्यात काहीच साठत नाही. फोटो, पत्रं, गाणी सगळी माझ्यातून वाहून जातात, पाटातून पाणी जावं तशी. साठवायचं काम दुसऱ्या भागाचं. माझ्यापाशी राहिलेली वस्तू एकच, तो ठसा.

पुढची चार वर्षं माझ्या कौतुकाची. दत्ताभाऊ माझ्यावर पुण्याचे बाजारभाव बघत. आळीतल्या पोरांचे कॉलेजचे अर्ज भरून देत. सातबारा काढायला कुणी आलं की चहा पाजूनच सोडत. संध्याकाळी विक्रमला मांडीवर घेऊन मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत आणि मुद्दाम हरत. पोरगं मांडीत मावेनासं झालं तरी हा खेळ चालूच होता. माझ्यात चार गडी आहेत, म्हणजे चार कोर. घरच्या कामाला त्यातला एकदुसरा पुरे. गेम लागला की चौघंही घाम गाळत. "आपला कॉम्प्युटर म्हंजी खिल्लार हाय," दत्ताभाऊ म्हणत, आणि मी फुशारून जाई.

मग २०२१ चा उन्हाळा आला. दत्ताभाऊंना खोकला लागला, गाडी दौंडकडे गेली आणि ते घरी परत आले नाहीत. कोरोनाच्या त्या साथीत कुणालाच कुणाचं शेवटचं तोंड बघायला मिळत नव्हतं. सारजाबाईंनाही मिळालं नाही.

तेव्हापासून त्या घरभर त्यांचा हात शोधत असत. पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर दत्ताभाऊंनी पेन्सिलनं लावणीच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. त्या अक्षरांवरून त्या रोज हात फिरवत. त्या दिवाळीत रंगाऱ्यांनी न विचारता भिंतीवर चुना मारला. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. "आता त्यांच्या हाताचं काय सुदीक राह्यलं न्हाई," असं त्या वैष्णवीला म्हणाल्या, ते मी कॉम्प्युटरच्या पेटीतून ऐकलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, आहे! माझ्या कडेवर आहे! पण आम्हाला तोंड नसतं.

दरवर्षी खंडेनवमीला त्या घरात विळे, खुरपी, मोटार, फवारणीचा पंप, सगळ्यांची पूजा होई. त्यात सारजाबाईंनी कॉम्प्युटरही धरला. त्यांच्या लेखी ते नवऱ्याचं अवजार होतं. स्वतःच्या कपाळाला लावायचं सोडलेलं कुंकू त्या माझ्या पेटीला लावत. पेटीच्या जाळीवर हळद-कुंकू वाहत आणि घरच्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार त्याच जाळीवर घालत. हार तिथेच सुके. दिवाळीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

मित्रांनो, ती जाळी म्हणजे माझं नाक होतं. पंखा हवा ओढे, हवेबरोबर पाकळ्या येत, कुंकू येई, हळद येई. एका वर्षी काही वाटलं नाही. चार वर्षांत मात्र पंख्याच्या पात्यांत उशीतल्या कापसासारखा थर बसला. मी तापू लागलो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. मीही केला. आणि सगळे म्हणू लागले, म्हातारा झाला.

विक्रम एव्हाना शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एका कंपनीत लागला होता. सुट्टीला घरी आला की तो कंपनीतल्या मित्रांबरोबर लढाईचा गेम खेळे. ऐन मोक्याला पडदा अडके, आणि फोनवरून मित्र ओरडत, "आली बघ खुटबावची बैलगाडी!" तो हसण्यावारी नेई, पण एकदा त्यानं पेटीवर थाप मारली. बापाच्या पेटीवर मारलेली ती पहिली थाप. त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं गेम तिथेच बंद केला.

अखेर गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मांडवगण फराट्याहून त्याचा मामेभाऊ विश्वजीत आला. तो शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्त करी. खिशातून त्यानं एक नवा कोरा प्रोसेसर काढला. माझ्याच घराण्यातला, माझ्याच जागेवर बसणारा, पण सहा गड्यांचा. "आधी जुन्यावर गेम लावू, मग नव्यावर. कोण किती पाण्यात हाय ते कळंल," तो म्हणाला.

आधी माझी पाळी. एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं पळतात यावर गेममधला वेग मोजतात. मी जीव तोडून चोवीसपर्यंत गेलो आणि धापा टाकत अकरावर आलो. ताप पंचाण्णव अंश. मग विश्वजीतनं ताजा हार बाजूला ठेवून पेटी उघडली, पंखा ओढला. वाळलेल्या पेस्टनं मला असं घट्ट धरलं होतं की मीही पंख्याबरोबर उपटून वर आलो. माझ्या चार-सहा पिना वाकल्या. त्यानं मला पिळून सुटं केलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. पंख्यातला थर ब्रशनं झाडून, पुसून, नवी पेस्ट लावून नवा प्रोसेसर बसवला. ब्याण्णव! विक्रम खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

"ही कसली तुलना?" वैष्णवी मध्येच म्हणाली. ती कॉलेजात शिकते आणि तिचं सगळं लिहिणं-वाचणं माझ्यावरच चाले. "नव्याला पंखा झाडून दिला आन् जुन्याला घाणीतच पळवला. ह्यालाबी साफ करून लावा, मंग बोला."

"घाण कसली?" दारातून सारजाबाईंनी विचारलं.

वर्तमानपत्रावर पाकळ्यांचा, कुंकवाचा, हळदीचा लगदा पडला होता. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि त्यांना सगळं उमगलं.

"म्हंजी मीच हार घालून घालून ह्याचा गळा दाबला व्हय रं?"

"तुला काय म्हाईत होतं, आई," विक्रम हळूच म्हणाला. "आमाला तरी कुठं म्हाईत होतं."

वैष्णवीचं म्हणणं विश्वजीतला पटलं. माझ्या वाकलेल्या पिना सरळ करायला त्याला बारीक सुई हवी होती. सारजाबाईंनी आपला सुयांचा डबा आणला आणि त्या त्याच्याजवळच बसल्या. सुईच्या टोकानं त्यानं एकेक पिन हळुवार उभी केली. मग सारजाबाईंनी मला मागून घेतलं. पहिल्यांदाच मी त्यांच्या तळहातावर आलो. झेंडूच्या चिकानं काळवंडलेला, खरखरीत, ऊबदार तळहात.

"एवढ्याशावर सगळं चालत होतं?" त्या म्हणाल्या. मला डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "ह्या कडंला काय उमटल्यावानी दिसतंय रं, विश्वजीत?"

"वाळल्याली पेस्ट हाय, आत्या."

"थांब जरा. चष्मा आणते."

त्यांनी मला विश्वजीतच्या हाती दिलं आणि आत गेल्या. मित्रांनो, मी त्या घरात आठ वर्षं राबलो. सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी केल्या. पण तेवढ्या दोन मिनिटांसाठी मला एक शब्द बोलता आला असता, तर बाकीचं सगळं मी आनंदानं देऊन टाकलं असतं.

विश्वजीत गुणी पोरगा आहे. आत्याच्या मनाला आधीच लागलंय, आणखी घाण कशाला दाखवायची, असं त्याला वाटलं. त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझं झाकण पुसलं. मग कड पुसली. एकदा पुसून जाईना, म्हणून दुसऱ्यांदा जोर लावून पुसली. रेघा गेल्या. वण गेला. काळा झालेला बोळा त्यानं पाकळ्यांच्या लगद्यात टाकला आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून बाहेर उकिरड्यावर फेकून आला.

सारजाबाई चष्मा लावून आल्या. मला उजेडात धरून त्यांनी चारही बाजूंनी निरखलं.

"लई चकचकीत केलंस रं, बाबा," त्या म्हणाल्या. "आता कसं नव्यावानी दिसतंय."

मग मला स्वच्छ पंख्याखाली पुन्हा बसवलं. या खेपेला मी अठ्ठावन्न चित्रं पळवली आणि ताप चौसष्टाच्या वर गेला नाही. वैष्णवीनं आपला चाळीस पानी प्रकल्प उघडून पाहिला, फोटो पाहिले, कॉलेजचा ऑनलाइन तास लावून पाहिला. नव्यात आणि माझ्यात एखाद्या सेकंदाचाही फरक नव्हता. "बघा, म्हातारा न्हवता झाला. दम कोंडला होता त्याचा," ती म्हणाली. विक्रमनं पेटीवर हात ठेवला, या वेळी थाप न मारता.

तरीही अठ्ठावन्न ते अठ्ठावन्न आणि ब्याण्णव ते ब्याण्णव. गेमसाठी नवाच सरस होता, आणि तरण्या पोरानं त्याची हौस का मारावी? दुसऱ्या दिवशी माझ्या जागी तो बसला. त्याच्याशी माझं वैर नाही. विश्वजीत म्हणाला, जुना दुकानात ठेवू, घेईल कुणीतरी. पण सारजाबाईंनी मला उचललं.

"न्हाई. ह्यांनी बसवल्याला हाय त्यो. दिसत न्हाई तरी हात लागल्याला हाय त्यांचा."

तेव्हापासून मी या डब्यात आहे. रोज फुलं ओवायला बसण्याआधी त्या मला बाहेर काढतात आणि अंगठा फिरवून परत ठेवतात. कधी कधी तो अंगठा नेमका त्याच कडेवरून जातो. कड आता गुळगुळीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी राबत असेल. त्याच्या जाळीवर हार घालू नका, कापड टाकू नका, वर्षातून एकदा पंखा झाडा. तो हळू चालू लागला तर म्हातारा म्हणण्याआधी त्याला श्वास घेता येतोय ना, ते बघा. आणि जुनी वस्तू पुसायला घ्याल, तेव्हा घाई करू नका. घरातलं कुणी चष्मा आणायला आत गेलं असेल, तर ते परत येईपर्यंत हातातला बोळा खाली ठेवा.