धुराड्यासमोरचं पाणी

आईने हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा ओढता ओढता विचारलं, "बोटीत हे पण घालावं लागतं होय रे?"

निशिकांत खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधत होता, त्यामुळे मान वर न करायला निमित्त होतं. सुती साडी, तिच्यावर पिवळंधमक जॅकेट आणि पायांत लोखंडी टोकाचे जड बूट, अशा अवतारात मिरजेच्या सविताबाई सिंगापूरमधल्या तुआसच्या नव्या बंदराच्या फाटकाशी उभ्या होत्या. नात इरा हसून हसून बेजार झाली होती.

"आजी, यू लुक लाइक बॉस, लाह!"

"बॉसच आहे मी. तुझ्या बापाला विचार."

बापाने दुसऱ्या बुटाची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली. आज कामावर फॅमिली डे होता. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बसमधून फिरवून आणायचं आणि शेवटी बिर्याणीचा डबा द्यायचा, असा बेत होता. पण आज बोटीतून जायचं असं धरून बसलेल्या आईच्या पिशवीत तांब्या होता, तिळाची पुडी होती आणि लिटल इंडियातून आणलेला झेंडू होता. आल्यापासून ती रोज सकाळी चहा पिताना विचारायची, "यांच्याकडं कधी जायचं?" आणि तो रोज सांगायचा, "परवानगी काढतोय, आई." ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

वडील गेले ते इथेच, सात वर्षांपूर्वी, मुलाकडे महिनाभर राहायला आले असताना. पाटबंधारे खात्यात उभा जन्म कालवे आणि पाटात घालवलेल्या त्या माणसाला जहाजांनी वेड लावलं होतं. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचे आणि घरी येऊन आज कुठली मोठी होती ते सांगायचे. अस्थी नरसोबाच्या वाडीला न्यायला हव्यात म्हणून काकांनी फोनवर आकांडतांडव केलं, पण आईने कुणाचं ऐकलं नाही. गोदीत काम करणाऱ्या मनोहर नावाच्या मित्राने लाँच मिळवून दिली आणि किनाऱ्यावरच्या कारखान्याच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या धुराड्यासमोर, जिथे जहाजं जवळून जात, तिथे तिने स्वतःच्या हाताने कलश रिकामा केला. हात धुताना म्हणाली, "माझी वेळ आली की मलाही इथंच सोड. मिरजेला नको." निशिकांतने तिच्या ओल्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

पुढे तो समुद्रात भराव घालायच्या या कामावर लागला. या देशात जमीन मिळत नाही, ती करावी लागते. शेजारच्या देशांनी रेती द्यायचं बंद केलं, तेव्हा शहराखाली मेट्रोचे बोगदे खणून निघालेली माती आणि समुद्राच्याच तळाचा गाळ आणून समुद्रात घालायचा, असं ठरलं. भरावाच्या नकाशावर पहिल्यांदा बोट फिरवताना धुराडं दिसलं, तेव्हा त्याचं बोट तिथेच थांबलं. मग बैठकीतले सगळे त्याच्यासाठी थांबले होते म्हणून ते त्याने पुढे सरकवलं.

बस निघाली. पुढे उभी असलेली तरुण बाई माइकवर सांगत होती की शहरातलं जुनं बंदर इथे येईल, तिथे घरं होतील, आणि समुद्राची पातळी वाढणार म्हणून ही जमीन मुद्दाम उंच ठेवली आहे. निशिकांतने हे सगळं स्वतः कितीतरी बैठकांत सांगितलं होतं. आज मात्र ऐकताना त्याचा गोंधळ उडाला. समुद्राला मागेही ढकलायचं आणि त्याच्या भीतीने वरही चढायचं. यात आपण जिंकतोय की पळतोय, हे त्याला कळेना.

आई खिडकीला नाक लावून बसली होती. एकदम तिने त्याचा दंड धरला.

"ते बघ धुराडं. थांबव गाडी."

बस तशीही तिथेच थांबणार होती. सगळे उतरले. आईने धुराड्याकडे पाठ केली, अगदी त्या दिवशी लाँचमध्ये केली होती तशी, आणि समोर पाहिलं. समोर करडी सपाट जमीन होती, दूर क्रेन होत्या, एक रोलर मागेपुढे चालला होता.

"समुद्र कुठं गेला?"

काय सांगायचं ते त्याने आठवडाभर मनात घोळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता कामाला येईना.

"आई, आपण समुद्रातच उभे आहोत."

तिने खाली बुटांकडे पाहिलं. एक पाय उचलून पुन्हा ठेवला.

"कुणी भरला?"

"आम्ही. म्हणजे मी पण."

"तुला ठाऊक होतं, हीच जागा म्हणून?"

"हो."

"मग नाही म्हणायचंस."

"कुणाला, आई?"

तो बोलत सुटला. देश एवढासा आहे, माणसं वाढतायत, बंदर गेलं तर खायचं काय. सगळं खरं होतं आणि बोलता बोलता त्याला आपलीच लाज वाटत होती. इराने मध्येच सांगितलं की तिच्या पुस्तकातला सिंगापूर बाबांच्या जुन्या नकाशातल्यापेक्षा मोठा आहे. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"आणि मला कुठं सोडणार तू?"

"एक ठरवून दिलेली जागा आहे, समुद्रात. बेटांच्या पलीकडे."

"यांच्यापासून लांब?"

"बरंच."

तिने पिशवीतून तांब्या काढला. इराच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं, तीळ टाकले आणि वाकून जमिनीवर धार धरली. पाणी पडताक्षणी जिरलं. ती ओल्या डागाकडे पाहत राहिली, मग झेंडू ठेवला, तो वाऱ्याने लवंडला, तिने तो पुन्हा सरळ केला. तिने रडावं, निदान रागवावं तरी, असं निशिकांतला फार वाटत होतं.

"आणि तिकडं पुढं चमकतंय ते?" तिने हात डोळ्यांवर धरून विचारलं.

"ते पाणी आहे अजून. पुढच्या टप्प्यात तेही भरायचंय."

"भरलं म्हणजे या जमिनीला लागूनच येणार?"

"सलग. मध्ये काही नाही."

"बांध, कुंपण?"

"नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुट्टीच्या दिवशीही साहेबांना चैन नव्हतं. माती आणणारी बार्ज जहाजं पुन्हा आली नव्हती, पुढचा टप्पा सुरू व्हायच्या आधीच रखडणार अशी चिन्हं होती. त्याने फोन हाताने झाकला.

"काय म्हणतो?"

"उशीर होतोय म्हणून ओरडतोय. भरायला माती पुरत नाहीये."

"होऊ दे की उशीर." तिने रिकामा तांब्या पदराने पुसून पिशवीत ठेवला. "मला तिथं सोड, त्या पाण्यात. परवानगीचं तू बघ. मागनं तुम्ही भर घालणारच आहात." मग इराच्या हेल्मेटचा सैल झालेला पट्टा ओढत म्हणाली, "फक्त जरा दमानं घ्या म्हणावं. मला एवढ्यात नाही यायचं. हिचं कॉलेज बघायचंय."

इराला काहीच कळलं नाही. तिने बाबांकडे पाहिलं. निशिकांतने फोन पुन्हा कानाला लावला. साहेब तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते, पुढचं पाणी कधी भरायला घेता येईल?

आई एकटीच बसकडे निघाली होती. नव्या बुटांची सवय नसल्याने पाय जपून टाकत होती.

"आत्ताच नाही सांगता येणार, सर," तो म्हणाला.