पुरात भिजलेलं कपाट

शी! अजून नाकातून जात नाही तो वास. गाळ, गंज आणि माणसाचा घाम, तिन्ही एकत्र. तीनदा साबणाने अंग घासलं तरी वाटतं, माझ्याच अंगाला मारतोय.

माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली, सुपारीएवढी. तपासणीचा रिपोर्ट आला, तो चांगला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्याच महिन्यात काढून टाकू, उशीर नको, आणि सोमवारची तारीख दिली. मी घाबरले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली. माझ्या आईने, विठाने, अशीच गाठ दोन वर्षं लुगड्याखाली लपवली, वरून हळदीचे लेप लावले, आणि गेली. मला तसं जायचं नव्हतं.

पण आमच्या नवऱ्याचं डोकं! हेमचंद्र तीस वर्षं अंबरनाथला पत्रा कापायच्या मशीनवर आहे, हाताला कसब आहे माणसाच्या. रिपोर्ट आला त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलेना, नुसता मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "शीला, कापायची गरज नाही. मी ऑर्गोन पेटी बनवतो."

"कसली पेटी?"

मग मला समजावून सांगितलं. एक थर लोकर-कापसाचा, एक थर लोखंडाचा, परत कापूस, परत लोखंड. कापूस म्हणे हवेतली शक्ती ओढून घेतो, लोखंड ती आत ढकलतं, आणि मधे बसलेल्या माणसाची गाठ विरघळते. डोंबलाची शक्ती! हवेत एवढी शक्ती असती तर आमच्या नदीकाठच्या मांजर्लीतले मच्छर एव्हाना हत्ती झाले असते.

गेल्या पावसाळ्यात नदी आमच्या तळमजल्यात शिरली, तेव्हा लोखंडी कपाट कमरेपर्यंत भिजून गंजलं होतं. भंगारात द्यायचं म्हणून जिन्याखाली उभं होतं. ह्याने ते ओढत घरात आणलं. खण काढले, आत स्टूल ठेवलं, हवेला भोकं पाडली. उल्हासनगरहून भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचा गठ्ठा आणला, त्या पिंजून बाहेरून लावल्या. त्यावर ब्लँकेट, त्यावर चपात्या गुंडाळायची चंदेरी पन्नी, आणि सगळ्यात वर माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी. मला न विचारता! पट्ट्या मारून स्क्रूने आवळून टाकली. दाराला बाहेरून कडी लावली, शक्ती गळू नये म्हणून.

"सोमवारपर्यंत बस," तो म्हणाला. "सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. फरक नाही पडला तर सोमवारी जाऊ आपण. शब्द देतो."

त्याच्या तोंडाकडे बघून मला कीव आली, म्हणून बसले. सात दिवस. दार लागलं की कोपऱ्यातला सुकलेला गाळ माझ्याच घामाने ओला व्हायचा, पाठीला गंज लागायचा, पायावरून झुरळ जायचं. बाहेर आले की गाउनवर तपकिरी डाग. एकदा बसले तर स्टूल ओलं. विचारलं, तर म्हणतो वरच्या मजल्यावरचे आण्णा बसून गेले, त्यांचे गुडघे दुखतात.

"पेटी कशासाठी केलीय, काय सांगितलंत त्यांना?"

"खरं तेच सांगितलं."

म्हणजे माझी छाती जिन्यावर चर्चेला, आणि वर आण्णांच्या घामावर मी बसायचं!

"तुमच्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर घरातले देव टोपलीत घालून ह्याच नदीत सोडले," मी म्हटलं. "आणि तुम्ही तिचाच गाळ घरात आणून पुजताय. लाज नाही वाटत?"

"हे सायन्स आहे," तो म्हणाला. तोंड बघा सायन्सवाल्याचं.

शनिवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. हेमचंद्र तेव्हा कपाटात शिरून, स्क्रूड्रायव्हर घेऊन, सुटलेली पट्टी घट्ट करत होता.

"ताई," सिस्टर म्हणाल्या, "सोमवारचं ऑपरेशन तुमच्या मिस्टरांनी बुधवारी फोन करून रद्द केलं. पुढची तारीख द्यायची का, ते विचारायचं होतं."

बुधवारी! मी ह्याच्या समाधानासाठी घाणीत बसत होते, आणि ह्याने माझी तारीख घालवून तीन दिवस झाले होते. मी फोन स्पीकरवर टाकला, कपाटाचं दार लोटलं आणि कडी घातली.

"शीला! अगं, कडी का लावलीस?"

"सोमवार गेलाच का, सिस्टर?"

"तो दिला ताई दुसऱ्या पेशंटला. आता गुरुवार सकाळ आहे."

"लिहा माझं नाव."

आतून थापा सुरू झाल्या. "शीला, उघड गं! काय घाण वास मारतोय इथं. जीव घुसमटतोय माझा."

"एवढ्यात घुसमटला? मी सात दिवस बसले. बसा, शक्ती लागू द्या जरा."

थापा थांबल्या. मग आतून रडणं ऐकू आलं. तीस वर्षांत मी ह्या माणसाला रडताना ऐकलं नव्हतं. "कापल्यावर तू उठलीच नाहीस तर मी काय करू? मला लय भीती वाटते गं."

"भीती तुमची," मी म्हटलं, "आणि कपाटात बसवलंत मला?"

फोन अजून चालूच होता. सिस्टर बिचाऱ्या घसा खाकरून म्हणाल्या, "ताई, सोबत कोण येणार? नातेवाइकाची सही लागते."

"मी करतो," कपाटातून आवाज आला. "शीला, सांग त्यांना. मी येतो, मी करतो सही."

जाऊ दे ह्याला मसणात, असंही मनात येऊन गेलं.

"नवरा येईल," मी सिस्टरना सांगितलं. "आंघोळ करून येईल."

कडी काढली. तो बाहेर आला, कपाळाला गंज, शर्टाला गाळ, डोळे लाल. तोच वास. मी चार पावलं मागे सरले. स्क्रूड्रायव्हर अजून त्याच्या हातातच होता.

"आधी आईची गोधडी सोडवा," मी म्हटलं. "कुठं फाटता कामा नये. दोन पाण्यांनी धुऊन उन्हात घाला. गुरुवारी ती मला अंगावर घ्यायला लागणार आहे."