उज्ज्वलाची मान

वॉर्डात शिरायचं म्हटलं की उज्ज्वला दारातच घुटमळायची. रक्ताला ती भीत नव्हती, सुईलाही नाही. भीती होती वॉर्डात शिकवणाऱ्या छाया मॅडमच्या इंग्रजीची. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावी गुजरातीत आणि आता नर्सिंगचं पहिलं वर्ष एकदम इंग्रजीत, म्हणजे पोहायला शिकवण्याआधीच तापीत ढकलून दिल्यासारखं. डिंडोलीहून येताना बसमध्ये, घरी भाकरी भाजताना ती पुस्तकातले अवघड शब्द घोकायची. घोकंपट्टीत कुणाला हार जाणारी नव्हती पोरगी. पण घोकलेलं वेगळं आणि पचलेलं वेगळं, हे नेमकं वॉर्डातच कळायचं.

मॅडमनी "अंडरस्टूड?" म्हटलं की तिची मान हलायची. ही मान घरची होती. बाप हेमराज आयुष्यभर कापडाच्या लूम्सवर. कारखान्याच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून समोरचा तोंड हलवताना दिसला की तिथे मान हलवायची. तू बोलतोयस ते पाहिलं, एवढाच तिचा अर्थ. कळलं की नाही ते मागाहून बघू! बापाचे कान त्या आवाजातच गेले आणि घरात सगळ्यांना तीच सवय लागली. घरी त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

वॉर्डाची गोष्ट वेगळी, हे तिलाही कळत होतं. पण सांगायचं कसं? मागे एका मुलीने "नाही समजलं" म्हटलं, तर मॅडमनी तिला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. ती पोरगी पुन्हा कॉलेजात दिसली नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. उज्ज्वलाने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

त्या सकाळी पार्वती नावाची तरुण बाई दाखल झाली. साड्यांना टिकल्या लावण्याचं काम करायची. पोटाची उजवी बाजू धरून नुसती कळवळत होती. सर्जन यायचे होते. तिला उज्ज्वलाच्या हवाली करत मॅडम म्हणाल्या, "हॉट अ‍ॅप्लिकेशन इज कॉन्ट्राइंडिकेटेड. अंडरस्टूड?"

मान हलली. मॅडम निघून गेल्या.

जरा वेळाने पार्वतीची सासू सरलाबाई कुठूनशी गरम पाण्याची रबरी पिशवी भरून घेऊन आली. डिंडोलीतलीच, खानदेशी बाई. "तिनं पोट भलतं दुखी राह्यनं व माय. शेक देऊ ना?"

उज्ज्वलाने पिशवीकडे पाहिलं. हॉट म्हणजे गरम, म्हणजे शेकाचंच काहीतरी. पण तो पुढचा शब्द? पाठ होता की! पानाच्या डाव्या बाजूला, अगदी तळाशी. पान डोळ्यांसमोर येत होतं, अर्थ मात्र येत नव्हता. शेक द्यायचा की नाही द्यायचा? पोट दुखलं की आईने आजवर शेकच दिला होता. पण इथे चुकलं आणि बाई हातची गेली तर? विचारायला जावं तर मॅडम हाकलणार, शिक्षण संपलं.

पार्वती मोठ्याने कण्हली. मग मात्र उज्ज्वलाला राहवेना. ती वळली. मागून सरलाबाई काहीतरी म्हणाली, उज्ज्वलाने मान हलवली आणि ती मॅडमना शोधायला धावत सुटली.

मॅडम औषधांच्या कपाटापाशी होत्या.

"मॅडम, वो शब्द मेरेको नहीं आता. कॉन्ट्राइंडिकेटेड."

"तो फिर हाँ क्यूँ बोला?"

तिने डोळे मिटून घेतले. पण मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शेक नहीं देना है, पागल! अपेंडिक्स फट जाएगा. किसी ने दिया तो नहीं?" उत्तराला न थांबता त्या पळाल्या.

पिशवी पार्वतीच्या पोटावर होती. वरून सरलाबाईने मायेने हात दाबून धरला होता. मॅडमनी पिशवी हिसकावली. "किसने बोला रखने को?"

सरलाबाई बावरली. "ह्या सिस्टरले इचारं ना मी, ठेऊ का म्हनीसन. तिनी मान हालाई."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं उज्ज्वलाला झालं. "हो, मीच हलवली," ती म्हणाली.

सर्जन आले, धावपळ झाली, पार्वतीला ऑपरेशनला नेलं. मॅडम रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त भयंकर वाटलं. "बाहर बैठ, उनके पास," एवढंच त्या म्हणाल्या.

बाकावर सरलाबाई तिला बिलगून बसली. झाल्या प्रकारात चूक कुणाची, हे त्या बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला आपल्या भाषेची सिस्टर भेटली होती आणि तिचा सगळा भार उज्ज्वलावर होता. तिने उज्ज्वलाचा हात घट्ट धरला. "बरी व्हई जाई ना ती? काही व्हनार नही ना, बेटा?"

काही होणार नाही म्हणावं, असं उज्ज्वलाच्या फार मनात आलं. पण तिने मान ताठ धरली, हलू दिली नाही.

"माले माहीत नही, मावशी."

सरलाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हात सोडून दिला.