दारामागचा नकाशा

मी या गावचा नकाशा. सध्या एका पत्र्याच्या नळीत गुंडाळून पडलोय, त्यामुळे आवाज जरा घुमेल. नळी उघडली की वरच्या कार्यालयात माझ्यावर मंजुरीचा शिक्का बसेल, आणि शिक्का बसलेल्या कागदाचं कोणी ऐकत नाही. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच. गोड बोलायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म नगरपालिकेच्या मागच्या खोलीत झाला. मला काढणारी आरेखक मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती, आणि तिच्या जोडीला होता एक म्हातारा मोजणीदार. दोघांनी नऊ महिने टेप घेऊन गावातली गल्ली न् गल्ली मोजली. कुत्री मागे लागली, लोकांनी तोंडावर दारं लावली, एका आजोबांनी तर घर पाडायला आलेत समजून काठी उगारली. दुपारी परत येऊन मुलगी मला रंगवायची. घरं पिवळी, बागा हिरव्या, नवे रस्ते लाल.

"शाई पातळ कर," मोजणीदार म्हणायचा. "कागदामागे कापड चिकटवलंय. जाड शाई कापडात उतरते, मग निघत नाही."

"काढायचीच कशाला, काका? मोजून मारलेली रेघ आहे."

मोजणीदाराने चष्मा पुसला. या कचेरीत त्याची सत्तावीस वर्षं गेली होती.

माझ्यावरची सगळ्यात देखणी रेघ म्हणजे मोठ्या रस्त्यापासून रुग्णालयापर्यंतचा नवा रस्ता. आज तिथे एक बोळ आहे. रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबते आणि पुढे बाळंतिणीला खुर्चीत बसवून दोघं जण उचलून नेतात. नवा रस्ता ओळंब्यासारखा सरळ जात होता. त्याच्या वाटेत फक्त आप्पांच्या दुकानांचा ओटा येत होता. हा ओटा दर दुरुस्तीला हातभर पुढे सरकत सरकत सरकारी जागेत येऊन बसलेला.

आप्पा तीनदा नगराध्यक्ष होते. आता ते कोणीच नाहीत, तरीही बैठकीत मधली खुर्ची त्यांचीच असते आणि खरे नगराध्यक्ष कडेला बसून मान डोलावतात. मला टेबलावर पसरलं तेव्हा चारही कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवले होते. नऊ महिन्यांच्या मेहनतीवर बशीसुद्धा नाही.

"रस्ता छान आहे," आप्पा म्हणाले. "फक्त जरा वळवा."

"वळवला तर रुग्णालयातल्या नर्सबाईंच्या घरावरून जाईल," मुलगी म्हणाली.

"ती एकटी बाई. तिला दोन खोल्या कुठेही मिळतील."

"आणि वळण काटकोनात येतंय. रुग्णवाहिका वळणार नाही."

"पोरी, आम्ही जन्मभर वळत आलो, आमचं काही अडलं नाही." सगळे हसले. या वयाच्या माणसांना एकमेकांच्या विनोदांना हसायची इतकी सवय असते की विनोद नसला तरी चालतो.

मुलगी रेघ बदलायला तयार नव्हती. तेव्हा मोठे साहेब, म्हणजे इथले अभियंते, स्वतः उठले. त्यांनी दाढीचं अर्धं पातं काढलं आणि माझी लाल रेघ खरवडायला सुरुवात केली. हात सराईत होता. खरवडून झाल्यावर त्यांनी माझ्यावर फुंकर मारली, आणि रस्त्याची लाल भुकटी आप्पांच्या धोतरावर पडली. आप्पांनी ती झटकून टाकली. मग साहेबांनी नर्सबाईंच्या घरावरून नवी रेघ मारली. पातळ शाईने. त्यांना सगळं माहीत होतं.

नियम असा आहे की नकाशा तीस दिवस लोकांना पाहायला लावायचा, ज्याची हरकत असेल त्याने लेखी द्यायची. नियम मोडायला ही मंडळी मूर्ख नाहीत. ती नियम पाळतात, आणि त्यांच्या पाळण्याचीच मला शिसारी येते. बाहेरच्या भिंतीला ओल आहे असं कारण सांगून शिपायाने मला साहेबांच्या खोलीत दारामागे टांगलं. दार उघडं असलं की मी झाकला जायचो. बंद असलं की आत कोणाला सोडत नसत. आणि दार उघडं राहावं म्हणून एक दगडही ठेवला होता.

शिवाय एक वही होती, 'नकाशा पाहिला' असं वर लिहिलेली. दाखल्यासाठी येईल त्याच्यापुढे शिपाई ती सरकवायचा. "इथे एक सही." लोक सही करायचे. कशावर, हे विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलंय. रांगेत दोन तास उभं राहिलेला माणूस दाखला मिळणार म्हटल्यावर कशावरही सही करतो.

पाचव्या दिवशी नर्सबाई आल्या. दर सोमवारी रुग्णालयातल्या जन्मांची यादी घेऊन त्या येतात. अर्धा तास खोलीत, दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या, माझ्यापासून हातभरावर. मध्ये फक्त फळी. कोणाशी तरी बोलत होत्या, की यंदा मागच्या खोलीला खिडकी पाडायचीय, उजेड कमी पडतो. मग शिपायाने वही पुढे केली आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात सही केली. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

मुलीला तोवर माझ्यापासून दूर ठेवलं होतं, पाणीपट्टीच्या टेबलावर. सव्विसाव्या दिवशी, पुन्हा सोमवारी, ती फाइल घेऊन आली आणि तिला बाकावर नर्सबाई दिसल्या. तिने पायाने दगड सारला. दार आपसूक मिटलं.

"बाई, इकडे या. हे तुमचं रुग्णालय. हा नवा रस्ता."

"अगंबाई, रस्ता होतोय? बरं झालं. आणि माझं घर कुठे गं?"

"रस्त्याखाली."

नर्सबाईंनी पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद मागितला.

त्यांनी हरकत लिहून दिली. सुनावणी झाली. आप्पांच्या चारही नातवंडांना नर्सबाईंनीच पहिल्यांदा हातात धरलं होतं, पण आप्पा छताकडे बघत बसले. साहेबांनी वही उघडली. "ही सही तुमचीच ना? पाचव्या दिवशी नकाशा पाहिलात, तेव्हा हरकत नव्हती. एकवीस दिवसांत कोणी शिकवलं?"

"मला दाखवलाच नव्हता हो."

"मग 'पाहिला' लिहिलंय तिथे सही कशी केलीत? शिकलेल्या बाई तुम्ही."

"आणि नकाशात इथे पूर्वी सरळ रस्ता होता," मुलगी म्हणाली.

"पुरावा?" साहेबांनी विचारलं. माझा चेहरा गुळगुळीत घोटलेला होता. हरकत फेटाळली गेली. बाहेर पडताना आप्पा नर्सबाईंना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, गावाचं काम आहे." त्या माणसाचा आवाज खरोखर मायेचा होता. ओकारी आली मला. कागदाला येते की नाही कोण जाणे, मला आली.

वर पाठवण्यासाठी मला खिळ्यावरून उतरवलं. गुंडाळायचं काम मुलीकडे आलं, कारण साहेबांना शाई हाताला लागलेली चालत नाही. तिने मला टेबलावर पालथा घातला आणि थबकली. कापडावर रेघ होती. लाल, जाड, मोठ्या रस्त्यापासून रुग्णालयापर्यंत सरळ. तिचीच. पातं तिथवर पोचलंच नव्हतं. मोजणीदारही वाकून बघत होता.

"म्हटलं होतं ना, जाड शाई कापडात उतरते," तो हळूच म्हणाला.

नकाशा गुंडाळताना चेहरा आत ठेवतात. तिने पाठ आत ठेवली. मोजणीदाराने सुतळी बांधली आणि दोघांनी मिळून झाकण लावलं.

तर ही नळी उघडणाऱ्या साहेब किंवा बाई, तुम्ही कोण, निवृत्तीला किती वर्षं उरलीत, मला ठाऊक नाही. मला उलगडलं की तुमच्यापुढे आधी माझी पाठ येईल. कारकून म्हणेल, उलटा बांधलाय, थांबा, सुलटा करतो. त्याला करू देऊ नका. नर्सबाईंचं घर अजून उभं आहे, आणि मागच्या खोलीला त्यांनी खिडकी पाडून घेतलीय.